अ‍ॅल्युमिनियम कापताना : करवत, पाते आणि पकड

सरकत्या खिडक्या, दुकानांचे दर्शनी दरवाजे, स्वयंपाकघरातील कपाटांच्या चौकटी, डासांच्या जाळ्या – शहरातील इमारतींत लाकडाची जागा अ‍ॅल्युमिनियमने केव्हाच घेतली आहे. त्याबरोबर एक नवा कारागीरवर्गही उभा राहिला. आयटीआयमधून शिकून आलेले त्यात थोडे. बाकीचे एखाद्या उस्तादाच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे राहून काम उचललेले. गाळा भाड्याचा, माणसे दोन किंवा तीन आणि भांडवल पुष्कळदा बँकेच्या कर्जाचे. आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण या धंद्यात आहेत. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठी आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्याने बँकेतील कारकून. करवतीशी आमचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. संबंध येतो तो कोटेशनमुळे. २०१५ साली मुद्रा योजना सुरू झाल्यापासून लहान कर्जांचे अर्ज वाढले आणि त्यांना जोडलेली यंत्रांची कोटेशने आमच्या टेबलावरून जाऊ लागली. त्यांत कटिंग मशीन असते, ड्रिल असते, ग्राइंडर असतो. पाते कोणत्या प्रकारचे, माल पकडायला क्लॅम्प किती, लांब सेक्शन टेकवायला स्टँड आहे का, डोळ्यांसाठी गॉगल आहे का, यांविषयी बहुधा एक ओळही नसते. असे का होत असावे, हे जाणून घ्यावेसे वाटले. म्हणून कारागिरांना विचारले, मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचल्या, गाळ्यांत उभे राहून काम पाहिले. त्यातून जे उमगले ते येथे मांडत आहोत.

प्रथम धातूची ओळख करून घेऊ. जुनी माणसे अजूनही अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात आणि ते हाताने चेपते हे सर्वांना ठाऊक आहे. वजनाला हा धातू पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. वितळतो ६६० अंश सेल्सिअसला. लोखंडाला १५०० अंशांच्या वर न्यावे लागते. खिडक्यांच्या सेक्शनसाठी बहुधा ६०६३ या क्रमांकाचा मिश्रधातू वापरतात. त्यात थोडे मॅग्नेशियम आणि थोडे सिलिकॉन असते व उष्णतेची प्रक्रिया करून त्याला कणखर केलेले असते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा त्याहून कितीतरी मऊ असतो.

ही मऊपणाची ख्याती हेच सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. “लोखंड थोडेच आहे? लाकडासारखे कापते,” असे आम्ही एका नव्हे, चार-पाच गाळ्यांत ऐकले. वाक्य अर्धे खरे आहे. दातेरी पाते लाकडाप्रमाणे अ‍ॅल्युमिनियममध्येही वेगाने शिरते. परंतु लाकडाचा भुसा दात्यांतून निघून जातो, अ‍ॅल्युमिनियमचा कीस तसा जाईलच असे नाही. घर्षणाने तो तापतो, मऊ होतो आणि दात्याच्या टोकाला व दोन दात्यांमधल्या खाचेला चिकटून बसतो. खाच बुजली की नवा कीस मावायला जागा उरत नाही. मग दाता कापण्याऐवजी घासू लागतो, उष्णता आणखी वाढते आणि एका क्षणी पाते मालाला पकडते. फिरणारे पाते थांबत नाही. माल फेकला जातो, किंवा हातात धरलेले यंत्रच उसळून मागे येते. लोखंड तापले की लाल होऊन सांगते. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही. कापलेले टोक नुसते पाहून थंड की गरम हे कळत नाही, म्हणून त्याला लगेच बोट लावू नये.

आणखी एक गंमत अशी की, या मऊ धातूची त्वचा मात्र अत्यंत कठीण असते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. माणिक आणि नीलम ही रत्ने म्हणजे याच ऑक्साइडचे स्फटिक, आणि पॉलिश-पेपरवरची खर पुष्कळदा याचीच केलेली असते. रंगीत अथवा अ‍ॅनोडाइज्ड सेक्शनवर हा थर मुद्दाम जाड केलेला असतो. त्यामुळे पात्याची धार जाते, आणि बोथट पाते धारदार पात्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. कारण ते पुढे सरकावे म्हणून माणूस अंगाचा भार टाकतो.

आता पात्याकडे वळू. लेखाचा अर्धा आशय यातच आहे.

बाजारात दहा इंची गोल पाते मागितले तर सुताराचे पाते पुढे येते. त्याला २४, ४० किंवा ६० कार्बाइडचे दाते असतात आणि ते फिरण्याच्या दिशेने पुढे झुकलेले असतात. लाकडात हे झुकणे उपयोगी पडते, दाता आकड्यासारखा लाकूड ओढून घेतो. तोच दाता अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ भिंतीत गेला की सेक्शनलाच ओढू लागतो. अ‍ॅल्युमिनियमसाठीच्या पात्याला त्याच मापात ८० ते १२० दाते असतात आणि वरून खाली येणाऱ्या मशीनसाठी ते किंचित मागे कललेले असतात. दात्यांची घडणही वेगळी : एक दाता उंच व कोपरे छाटलेला, त्याच्या शेजारचा किंचित बुटका व सपाट. पहिला मधोमध चर पाडतो, दुसरा चराचे कोपरे साफ करतो. काम वाटून घेतल्याने एकाच दात्यावर ताण येत नाही. दुकानदाराला “लाकडाचे नको, नॉन-फेरसचे द्या” असे स्पष्ट सांगावे व वेष्टनावर तसे छापले आहे ना ते वाचावे.

वेष्टनावर आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे चालतील याचा. मशीनच्या पाटीवरील फेरे त्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. आमचा व्यवसाय आकड्यांचा, म्हणून एक हिशेब करून पाहिला. दहा इंची म्हणजे २५५ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल तर दात्याचे टोक सेकंदाला सुमारे ६० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २१६ किलोमीटर वेगाने जात असते. मागे घ्यायला हातापाशी वेळच नसतो. “लक्ष ठेवले की झाले” हा युक्तिवाद या आकड्यापुढे टिकत नाही.

ग्राइंडरविषयी स्पष्टच लिहायला हवे. चार इंची अँगल ग्राइंडर स्वस्त आहे, सर्वांकडे आहे आणि त्यावर सर्व कामे उरकण्याची सवय आहे. लोखंड कापण्याची सर्वसाधारण दगडी चकती अ‍ॅल्युमिनियमवर चालवली तर तिची छिद्रे धातूने भरून जातात, चकती गुळगुळीत होते, तापते व फुटू शकते. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळ्या चकत्या मिळतात. अडल्या कामाला त्याच वापराव्यात. याहून वाईट प्रकार म्हणजे ग्राइंडरवर सुताराचे दातेरी पाते चढवणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे पाच इंची पाते बसावे म्हणून त्याचे संरक्षक झाकणच काढून टाकणे. ग्राइंडरला मालावर टेकणारी बैठक नसते, खालचा अर्धा भाग उघडा असतो आणि मनगटाच्या जोरावर सगळे धरून ठेवायचे असते. दाता अडकला की यंत्र सरळ मांडीकडे, पोटाकडे किंवा चेहऱ्याकडे येते. ग्राइंडरवर दातेरी पाते लावू नये. या नियमाला अपवाद आम्हाला सापडला नाही.

पाते योग्य मिळाले की प्रश्न उरतो पकडीचा. वरून खाली येणाऱ्या मशीनवर, ज्याला माइटर सॉ किंवा चॉप सॉ म्हणतात, सेक्शन दोन ठिकाणी घट्ट टेकलेला हवा : खाली बैठकीला आणि मागे उभ्या पट्टीला. मध्ये कीस अडकला असेल तर ब्रशने काढावा, फुंकर मारू नये. मग क्लॅम्प. पुष्कळ कारागीर डाव्या हाताने दाबून उजव्या हाताने मशीन खाली आणतात, कारण क्लॅम्प लावण्यात वेळ जातो. दिवसाला दोनशे काप असतील आणि क्लॅम्पला दहा सेकंद धरले तर अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ होतो. अर्धा तास कमी नव्हे, हे मान्य. पण बँकेच्या कौंटरवर नमुना सही बदलण्याचा अर्ज घेऊन माणसे येतात, त्यात वयोमानाने हात थरथरणारे असतात आणि बोट गेलेले तरुणही असतात. जुनी सही जुळत नाही, चेक परत जातो, नवी सही घोटावी लागते. त्या फॉर्मवर कारणाचा रकाना लहान असतो.

हात पात्यापासून निदान वीतभर लांब असावा. वीतभर जागा सुटत नसेल इतका तुकडा लहान असेल तर तो हाताने धरून कापायचाच नाही. लांब सेक्शनला क्लॅम्प लावून त्याच्या टोकाचा तुकडा पाडावा. बारा फुटी सेक्शनचे दुसरे टोक अधांतरी लोंबत असेल तर काप पुरा होता होता सेक्शन वाकतो व पात्याला दोन्हीकडून आवळतो. म्हणून बैठकीच्या उंचीचा स्टँड हवा. लाकडी घोडीवर फळी ठोकून तो घरीही करता येतो. एकाच मापाचे अनेक तुकडे पाडण्यासाठी अडसर लावतात, तेव्हा क्लॅम्प अडसराच्याच बाजूच्या तुकड्याला असावा. तो तुकडा अडसर आणि पाते यांच्यामध्ये मोकळा राहिला तर तिरपा होऊन गोळीसारखा उडतो. समोरच्या भिंतीवरील खड्डे पाहिले की कोणत्या गाळ्यात हे घडते ते कळते.

पोकळ सेक्शन फार आवळला तर चेपतो. आत मापाचा लाकडी गुटका सरकवला की चेपत नाही. काटकोनी पट्टी, म्हणजे अँगल, उलट्या ‘व्ही’सारखी छपराप्रमाणे ठेवून दोन्ही बाजूंना लाकडी आधार दिले तर पाते दोन्ही भिंतींत सारख्या जाडीतून जाते. पट्टी आडवी ठेवली तर एक भिंत लांबच लांब कापावी लागते आणि कीस अडकण्यास तेवढी संधी मिळते.

प्रत्यक्ष कापताना पाते पूर्ण वेगाला येऊ द्यावे, मगच मालाला लावावे. दाब हलका आणि सारखा. आवाज बसला तर दाब जास्त होतो आहे, कर्कश किंचाळी आली तर पाते बोथट किंवा भरलेले आहे, असे जुने कारागीर आवाजावरून सांगतात. काप पुरा झाल्यावर घाईने पाते वर उचलण्याची सवय सर्वत्र दिसते, आणि ती मोडणे सर्वांत अवघड आहे. पाते खालीच ठेवून बटण सोडावे, ते थांबेपर्यंत थांबावे, मगच वर घ्यावे. फिरते पाते वर येताना सुटा तुकडा उचलून भिरकावते. त्या चार-पाच सेकंदांत काहीच करायचे नसते आणि नेमके तेच जमत नाही.

कीस चिकटू नये म्हणून वंगण लागते. मेणबत्तीचा तुकडा पुरेसा आहे. मशीनचा प्लग काढून पात्याच्या दात्यांना मेण चोळावे किंवा कापायच्या रेषेवर सेक्शनला लावावे. थोड्या थोड्या कापांनंतर पुन्हा. जुन्या काळापासून रॉकेल वापरण्याची पद्धत आहे व हातकरवतीला ते ठीकही आहे, पण विजेच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशच्या ठिणग्या उडतात, तेथे रॉकेल नको.

इतर करवतींविषयी थोडक्यात. हातातील गोल करवत पत्र्यावर चालवताना पाते मालाच्या जाडीपेक्षा जेमतेम खाली उतरेल इतकेच ठेवावे, कापाच्या सरळ रेषेत मागे उभे राहू नये आणि दोन्ही बाजूंना आधार असा द्यावा की कापलेली फट मिटणार नाही. जिग सॉला धातूचे बारीक दात्यांचे पाते लावून वेग कमी ठेवावा. पातळ पत्रा थरथरतो, तो दोन प्लायवूडच्या मध्ये धरून प्लायसकट कापला की धारही स्वच्छ येते. बँड सॉवर वरचा मार्गदर्शक मालाच्या अगदी जवळ उतरवावा. गोल सळई हाताने कधी धरू नये, ती पात्याबरोबर गरकन फिरते व बोटे घेऊन जाते. तिला ‘व्ही’ आकाराची खाच असलेला ठोकळा आणि क्लॅम्प लागतो.

आणि साधी हॅक्सॉ? तिला सर्वजण विसरले आहेत. दिवसाला चार-सहा काप असतील तर तिच्यासारखे सुरक्षित साधन नाही. दाते पुढच्या दिशेला ठेवून पाते ताठ आवळावे. नियम असा की, मालाच्या जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दाते टेकले पाहिजेत, नाहीतर दाते अडकून मोडतात. जाड पट्टीला इंचाला १८ दात्यांचे, पातळ नळीला २४ किंवा ३२ दात्यांचे पाते. नळीची भिंत एक-सव्वा मिलिमीटरची असली तर ३२ दात्यांनीही नियम काटेकोर पाळता येत नाही. मग करवत तिरपी धरावी, म्हणजे जास्त दाते टेकतात. पुढे नेताना दाब, मागे आणताना सैल.

अंगावर काय असावे, याबद्दल एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत. दात्याने मोज्याचा धागा पकडला तर तो बोटासकट ओढला जातो. मोजे घालायचे ते पाते थांबल्यानंतर, धारदार टोकांचे सेक्शन उचलताना. लांब बाह्या, गळ्यातील गमछा, ओळखपत्राची दोरी, मनगटातील कडे, हे सगळे बाजूला काढून ठेवावे. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. कानांत प्लग असावेत. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला हानी करण्याइतका आहे असे समजावे. दोन-तीन माणसांच्या गाळ्यात हे सांगायला कोणी अधिकारी येत नाही. मालकाने, आणि मालक नसेल तर शेजारच्या मशीनवरच्या माणसाने सांगायचे.

किसाबद्दल दोन गोष्टी. अ‍ॅल्युमिनियमचा कीस वीज वाहून नेतो. तो मोटरच्या झरोक्यांतून आत साचला तर झटका बसू शकतो, म्हणून प्लग काढून ब्रशने किंवा व्हॅक्यूमने तो नियमित काढावा. गाळ्याच्या जोडणीला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी असावा. दुसरी गोष्ट बारीक धुळीची. करवतीचा जाडसर कीस सहसा पेटत नाही, पण घासकामाची व पॉलिशची पिठासारखी धूळ पेटते आणि हवेत उडालेली असेल तर तिचा स्फोट होतो. चीनमधील कुनशान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात असाच स्फोट झाला आणि मृतांची संख्या पुढे १४६ वर गेली. आपला गाळा लहान आहे हे खरे. तरी ज्या कोपऱ्यात लोखंडावर ग्राइंडर चालतो तेथेच अ‍ॅल्युमिनियमची धूळ साचू देऊ नये. लोखंडाचा गंज आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण पेटले तर लोखंड वितळण्याइतकी उष्णता निघते. अशा आगीवर पाणी टाकायचे नाही, कोरडी वाळू टाकायची. वाळूची बादली तेवढ्यासाठी भरून ठेवावी.

इतके करूनही इजा झाली तर काय करावे, हे घरच्यांनाही ठाऊक असावे. डोळ्यांत कण गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. तेवढ्याने न निघाल्यास रुमालाच्या टोकाने किंवा काडीने उकरू नये. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. लोहचुंबकाने कण काढणारे वस्ताद काही गाळ्यांत आढळतात. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागतच नाही, आणि लोखंडाच्या कणासाठीही डोळा हे त्या प्रयोगाचे ठिकाण नव्हे. बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुटलेल्या भागाला बर्फ थेट लावू नये, त्याने पेशी मरतात. हळद, चुना, कॉफी यांपैकी काही न लावता प्लास्टिक सर्जन असलेल्या रुग्णालयात शक्य तितक्या लवकर पोहोचावे. असे रुग्णालय जवळ कोणते, याची चौकशी आजच करून क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. त्या वेळी शोधत बसता येत नाही.

कर्जाच्या कोटेशनमध्ये मशीनखाली या ओळी घालून घ्याव्यात : अ‍ॅल्युमिनियमचे पाते दोन नग, म्हणजे एक धार लावायला गेले असता दुसरे चालते, क्लॅम्प दोन, स्टँड, माणशी एक गॉगल व कानाचे प्लग. मशीनच्या किमतीपुढे ही रक्कम लहान असते. ती पहिल्याच अर्जात मागितलेली बरी, कारण धंदा सुरू झाल्यावर गल्ल्यातून गॉगल आणायला कोणाचाच हात सहज जात नाही.

कापलेल्या टोकाला राहिलेली धार कानशीने मोडावी, नाहीतर काच बसवणाऱ्याचा हात कापतो. अ‍ॅल्युमिनियम कानशीतही अडकते. आधी तिला शाळेचा खडू चोळला की कीस सहज झडतो. आणि झाडताना अ‍ॅल्युमिनियमचा कीस लोखंडाच्या चुऱ्यापासून वेगळ्या पिंपात भरावा. भंगारवाला वेगळ्या मालाला भाव देतो, मिसळलेल्या मालाला लोखंडाचाच दर लावतो.